फरशी ओली करणारं पिल्लू

आमचं आधीचं कुत्रं बिबट्याने माझ्या डोळ्यांदेखत मारलं. दिवेलागणीची वेळ होती, पण अजून उजेड होता. मी गोठ्यात म्हशीपुढे वैरण टाकत होतो आणि कुत्रं अंगणात साखळीला बांधलेलं होतं. पारगावच्या आमच्या शिवारात ऊसतोड चालू होती. एकेक फड रिकामा होत होता, तसे बिबटे उभ्या उसाकडे सरकत होते. आमचा ऊस घरापासून पंधरा-वीस पावलांवर उभा होता.

कुत्रं एकदाच ओरडलं. मी वळून पाहिलं तोवर बिबट्याने त्याची मान धरली होती आणि तो त्याला उसाकडे ओढत होता. साखळी ताणली गेली. खुंटा हलला, पण निघाला नाही. बिबट्या ओढायचा, साखळी मागे खेचायची, आणि मधे कुत्रं. माझ्या हातात विळा होता. मी नुसता ओरडत राहिलो. पुढे गेलो नाही. किती वेळ ते चाललं सांगता येणार नाही. शेवटी गळ्यातला पट्टा तुटला आणि दोघंही उसात गेली. वाळक्या पाचटाचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही थांबला.

सकाळी साखळीच्या टोकाला तुटका पट्टा होता आणि त्याला केस चिकटलेले होते. बायको एवढंच म्हणाली, "बांधलं नसतं तर पळालं असतं ते." बांधलं मी होतं.

मी सांगून टाकलं की आता घरी कुत्रं नको. महिनाभराने बायको माहेराहून, मढहून, आली ती कापडी पिशवीत पिल्लू घेऊनच. दोन महिन्यांचं, तांबूस, पोट टम्म फुगलेलं, एक कान उभा आणि एक पडलेला. तिकडे डोंगराकडच्या घरांत कुत्री, करडं, कोंबड्या माणसांबरोबर एकाच छपराखाली निजतात. तिने पिशवी खाली ठेवण्याआधीच मला सांगितलं,

"हे बाहेर ऱ्हाणार न्हाई. साखळी न्हाई, खुंटा न्हाई. घरात झोपंल."

"घरात घाण करंल की."

"शिकंल. आमच्याकडं सगळी शिकत्यात."

आमचं घर तेव्हा नवं होतं. जुनं पाडून स्लॅबचं बांधलं होतं आणि खाली पांढरी फरशी घातली होती. पांढरी घ्यायचा हट्ट माझाच होता. तिच्यावर पाण्याचा थेंबसुद्धा दिसायचा.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पुढच्या खोलीत खाटेवर बसून सगळं ऐकत होते. पंचाहत्तरी उलटलेली, पण पाठ ताठ आणि मनगट अजून माझ्याहून जाड. सगळ्या वस्तीवर त्यांचा दरारा. ते म्हणाले, "घरात घ्यायचंच आसंल तर पहिल्या दिसापासनं वचक पायजे. मुतलं की त्याचं नाक त्यात घासायचं आन् एक ठेवून द्यायची. दोन दिसांत सरळ व्हतंय."

बायको आत निघून गेली. मला मात्र आबांचं म्हणणं पटलं. काही शिकवायचं म्हणजे असंच शिकवायचं, हे मी जन्मापासून पाहत आलो होतो.

बायको गावच्या शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करते. सकाळी नऊला जाते ती तीनपर्यंत येत नाही. तेवढा वेळ पिल्लू आबांच्या आणि माझ्या ताब्यात. पहिल्याच दिवशी ती फाटकाबाहेर पडली आणि पिल्लाने टीव्हीखाली फरशीवर शू केली. मी त्याला मानगुटीला धरून उचललं, त्याचं नाक त्या ओल्यात घासलं आणि पाठीवर एक चापट मारली. ते कें कें करत खाटेखाली गेलं. आबा म्हणाले, "आस्सं."

दुपारपर्यंत त्याने आणखी दोनदा केलं. मी दोन्ही वेळा नाक घासलं आणि दोन्ही वेळा जरा जास्त जोरात मारलं. दुसऱ्या दिवशी हाताऐवजी चप्पल घेतली. चौथ्या-पाचव्या दिवशी ठिबकच्या काळ्या नळीचा एक तुकडा सापडला. शेतात असे तुकडे कुठेही पडलेले असतात. हातभर लांब, वाकणारा, हवेत फिरवला की सूं करून वाजणारा. मी तो स्वयंपाकघराच्या दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवला. पिल्लाला कळावं म्हणून, असं मी आबांना सांगितलं.

पिल्लाला कळलं. ते माझ्यासमोर मुतायचं बंद झालं. आता ते कपाटाच्या मागे जायचं, धान्याच्या कोठीच्या आडोशाला जायचं, एकदा तर देव्हाऱ्याखालच्या कोपऱ्यात जाऊन करून आलं. वास आला की मी शोधायचो, सापडलं की पिल्लू शोधायचो. त्याला ओढत त्या जागी न्यायचो. तोवर तास-दीड तास झालेला असायचा. ते पाठीवर लोळण घ्यायचं, चारी पाय वर करायचं, आणि तसंच उताणं पडून पुन्हा मुतायचं. मला वाटायचं, हा मुद्दाम करतोय. एवढं मारूनही माझ्या तोंडावर मुततोय. मग मी आणखी मारायचो.

एक गोष्ट लिहिताना हात अडतो, पण लिहितो. मारताना मला बरं वाटायचं. त्या संध्याकाळी बिबट्यापुढे माझे पाय जागचे हलले नव्हते. तेव्हापासून छातीत काहीतरी दाबून बसलं होतं. नळी फिरली की ते सुटायचं. पिल्लू ओरडायचं आणि मला हलकं वाटायचं. दोन-चार मिनिटं. नंतर मी पंपावर जाऊन हात धुवायचो, साबणाने.

बायको विचारायची, "ह्ये एवढं घाबरतंय का हो? मी पदर झटकला तरी पळतंय."

"जातच भित्री असंल," मी म्हणायचो.

आबा खाटेवरून माझ्याकडे बघायचे. त्यांनी तिला कधी काही सांगितलं नाही. त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंही.

तिसऱ्या आठवड्यात ते झालं. आबा जेवून खाटेवर आडवे झाले होते. पिल्लू खाटेवर कसं चढलं कुणास ठाऊक, कदाचित ऊब हवी असेल. त्यांच्या पायाशी घोंगडीवर झोपलं आणि झोपेतच ओलं केलं. ओल आबांच्या धोतराला लागली. ते ओरडत उठले, "आरं, माझ्या अंगावर! आता माझ्या अंगावर!" आणि त्यांनी पिल्लाला लाथेने खाली ढकललं.

मी स्वयंपाकघरातून आलो तो नळी घेऊनच. पिल्लू भिंतीच्या कोपऱ्यात शिरलं. त्याला पुढे जायला वाट नव्हती. मी मारलं. एकदा पाठीवर, एकदा मांडीवर, मग कुठे लागतंय ते बघितलंच नाही. आबा मागून म्हणत होते, "अजून. अजून दे. त्याशिवाय न्हाई कळायचं." पिल्लाने पुढचा उजवा पाय वर केला, जसा माणूस हात आडवा धरतो तसा. नळी त्याच्यावर बसली आणि सुकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. बारीक आवाज. मला तो हातात जाणवला.

पिल्लू किंचाळलं नाही. त्याने तोंड उघडलं, पण आवाज यायला वेळ लागला. आला तेव्हा तो कुत्र्याचा वाटला नाही.

दारात बायको उभी होती. शाळेतून आली होती, खांद्यावर पिशवी तशीच. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कोपऱ्यात. पिशवी खाली ठेवली. शांतपणे चालत आली आणि माझ्या हातातून नळी काढून घेतली. मी दिली. मग तिने ती माझ्यावर चालवली.

पहिला फटका मानेवर बसला, दुसरा कानावर, तिसरा मी आडव्या धरलेल्या हातावर. अठरा वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर आवाजही चढवला नव्हता. तिचा नुसता श्वास ऐकू येत होता. चौथा, पाचवा. मी मागे मागे सरत भिंतीला टेकलो. आबा उठून उभे राहिले, "नवऱ्यावर हात? आगं, नवऱ्यावर हात उचलतीस?"

ती त्यांच्याकडे वळली. नळी वर होती. "तुमी बसा, आबा," ती म्हणाली. "तुमी खाली बसा."

आबा बसले.

तिने नळी खिडकीतून उसाकडे फेकली, पदरात पिल्लू गुंडाळलं आणि मला म्हणाली, "गाडी काढा."

टोमॅटो बाजारात न्यायच्या आमच्या पिकअपमधून आम्ही मंचरला निघालो. माझा कान गरम झाला होता आणि मानेवर वळ उठले होते. घाम लागला की चुरचुरायचे. गतिरोधकावर गाडी उडाली, पिल्लू कळवळलं, म्हणून मी नकळत तिच्या मांडीकडे हात नेला. माझा हात दिसताच ते तिच्या साडीवर मुतलं. तिने पाहिलं, मीही पाहिलं. मी हात परत स्टिअरिंगवर ठेवला.

जनावरांच्या डॉक्टरने पाय चाचपून पाहिला. "कसं झालं, भाऊ?"

"खाटेवरनं पडलं," मी म्हणालो.

त्याने पिल्लाची पाठ बोटांनी चाचपली. केसांखाली जुने वळ होते, नवे होते. एका बरगडीवर गाठ आली होती. त्याने माझ्या मानेकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"ह्यांनी मारलं," बायको म्हणाली. "घरात मुततंय म्हणून."

डॉक्टर तरुण होता. त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो इंजेक्शन भरत म्हणाला, "अडीच-तीन महिन्यांचं पोर आहे हे. याच्या लघवीच्या पिशवीत मावतं किती? दोन तास. जास्तीत जास्त तीन. कुठं करायचं हे दाखवलं होतं का त्याला?"

मी आठवून पाहिलं. तीन आठवड्यांत एकदाही मी त्याला दाराबाहेर घेऊन गेलो नव्हतो. बाहेर ऊस होता, उसात बिबट्या. मी त्याला फक्त कुठे करायचं नाही एवढंच सांगत होतो, आणि घरातली सगळी जागा तीच होती.

"हे तुमच्यासमोर उताणं पडून मुततं, बरोबर? ती खोडी नाय. तुमच्या पाया पडतंय ते. त्याच्याकडं तेवढंच आहे पाया पडायला. तुम्ही जेवढं माराल तेवढं ते मुतंल." त्याने सुई टोचली. "पाय जुळंल. लहान आहे. बाकीचं काय जुळतं बघा."

पायाला प्लास्टर बसलं. घरी आल्यावर बायकोने तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा काढला आणि दाराजवळ ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तिने पंधरा दिवस शाळेत बदली बाई पाठवली. पिल्लू झोपून उठलं की ती त्याला उचलायची, दूध पिऊन झालं की उचलायची, खेळून दमलं की उचलायची. एका हातात पिल्लू, दुसऱ्यात डबा आणि काठी. अंगणातल्या शेवग्याखाली त्याला ठेवायची आणि उसाकडे तोंड करून डबा बडवायची, बिबट्याने ऐकावं म्हणून. पिल्लू प्लास्टरचा पाय पुढे ताणून हुंगत फिरायचं. त्याने केलं की ती डबा थांबवायची, खाली बसायची, त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा द्यायची आणि "श्याना माझा, लई श्याना" असं म्हणत त्याची छाती चोळायची. घरात झालंच तर नुसतं पुसून टाकायची. रागावायची नाही, त्याच्याकडे बघायचीही नाही.

मी हे दारातून बघायचो. मला जवळ जायची सोय नव्हती. मी खोलीत आलो की पिल्लू पोटावर फरफटत भिंतीशी जायचं आणि त्याच्याखाली फरशी ओली व्हायची. त्यामुळे माझ्याकडे काम आलं ते पुसायचं. ओली झालेली फरशी पुसून मी मागच्या दाराने बाहेर जायचो. दिवसातून चार-पाचदा.

असाच एकदा फडकं पिळत असताना मला पोत्याचा वास आला. खरा नाही, आठवणीतला. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत अंथरुणात मुतायचो. आबांनी माझी वाकळ काढून घेतली होती आणि मला खताच्या रिकाम्या पोत्यावर झोपवायचे. सकाळी पोतं ओलं निघालं की बैलाचा आसूड घेऊन यायचे. मारून झालं की ते ओलं पोतं माझ्या डोक्यावर द्यायचे आणि वस्तीतून विहिरीपर्यंत चालवायचे. बायका पाणी शेंदत असायच्या. पोतं धुवायचं, पुन्हा डोक्यावर घ्यायचं, पुन्हा तसंच यायचं. आई चुलीपुढून उठायची नाही. तिलाही आसूड माहीत होता. सुट्टीत मामाकडे गेलो की महिना महिना माझं अंथरूण कोरडं राहायचं. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मला ते त्या दिवशी फडकं हातात धरून उमगलं.

मी बायकोला सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा. ती लसूण सोलत होती. तिने सोलता सोलता ऐकून घेतलं.

"मग तुमाला तर म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "कसं वाटतं ते तुमाला म्हाईत व्हतं, तरी मारलंत?"

मी लसणाच्या साली गोळा करून बाहेर टाकल्या.

प्लास्टर निघालं तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. पाय किंचित वाकडा जुळला होता, पण ते पळायला लागलं. आणि एक नवी गोष्ट झाली. त्याला बाहेर जायचं असलं की ते दाराशी जाऊन नखांनी दार खरवडायचं आणि मागे वळून बायकोला शोधायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा तिने त्याला उचलून नाचवलं. "मागाया लागलं हो! आता त्वांडानं मागायचं तेवढं ऱ्हायलं!"

तेव्हा ती पुन्हा शाळेत जायला लागली होती. एका दुपारी मी मागे म्हैस धूत होतो. आत दार खरवडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आबांचा, "दाराला नखं मारतंय! सागाचं दार हाय, सागाचं!" मग काठीचा आवाज आणि पिल्लाची किंकाळी.

मी ओल्या पायांनी आत धावलो. आबांनी काठी दुसऱ्यांदा उचलली होती. पिल्लू दाराला चिकटून, वाकडा पाय वर धरून. ते बाहेर सोडा म्हणत होतं आणि त्यासाठी मार खात होतं. मी आबांचं मनगट धरलं.

"सोडा काठी."

"तू मला सांगतो व्हय? हात सोड. गाढवा, हात सोड!"

त्यांनी दुसऱ्या हाताने माझ्या थोबाडात मारली. बायकोने मारलेल्या त्याच कानावर. कान बधिर झाला. पन्नास वर्षांचा मी, आणि त्या एका थपडीने डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी काठी सोडवून माझ्या नडगीवर मारली, मग गुडघ्यावर. तोंडाने पिल्लाला नाही, मला शिव्या देत होते, त्याच जुन्या, पोत्याच्या दिवसांतल्या. मी त्यांना ढकललं. हळू नाही. जितका जोर होता तितक्याने. ते मागे गेले, खाटेला अडखळले आणि कपाळ खिडकीच्या गजावर आपटलं. भुवईच्या वर कातडी फाटली. रक्त डोळ्यात उतरलं. काठी माझ्या हातात आली होती आणि मी ती वर उचलली होती.

मला आठवतं, मी मोजून मारणार होतो. एकेका सकाळचं एक. मारलंच असतं.

आबांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले, कोपरं समोर आणली आणि खाटेच्या कडेला अंग चोरून बसले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या तोंडून बारीक आवाज येत होता. आणि त्यांचं धोतर ओलं होत होतं. खाटेवरून पांढऱ्या फरशीवर थेंब पडले, मग धार आली, आणि ती पसरत माझ्या पायाच्या अंगठ्यापर्यंत आली. गरम होती.

मी काठी खाली ठेवली. भिंतीला उभी केली नाही, फरशीवर आडवी ठेवली. त्यांनी कोपराच्या फटीतून बघितलं. आम्ही दोघेही त्या ओल्याकडे बघत होतो.

"मला बाहीर जायचं व्हतं," आबा म्हणाले. आवाज फाटलेला. "मघाधरनं जायचं व्हतं."

"व्हय, आबा," मी म्हणालो.

मी फडकं आणलं, आधी त्यांच्या कपाळावर पंचा दाबून धरला, मग फरशी पुसली. त्यांना न्हाणीत नेलं, धोतर सोडलं, पाय धुतले. ते लहान मुलासारखे उभे राहिले, खांद्याला धरून. मांड्यांवर कातडी लोंबत होती. या पायांना मी किती घाबरायचो. त्यांनी एकदाच माझ्या कानाकडे बघितलं, जिथे त्यांची बोटं उठली होती, आणि मान वळवली.

पिल्लू दरम्यान दारातच करून बसलं होतं. मी तेही पुसलं.

दवाखान्यात आबांना तीन टाके पडले. डॉक्टरने विचारलं तेव्हा तेच म्हणाले, "पाय घसरला." बायको संध्याकाळी आली, टाके पाहिले, माझा लंगडा पाय पाहिला आणि काय झालं ते सांगायची मला गरज पडली नाही. ती त्या दिवशी जेवली नाही. आठ दिवसांनी आबा माझ्या बहिणीकडे जुन्नरला गेले. मला वाटलं, परत येणार नाहीत. दीड महिन्याने एसटीतून उतरून स्वतःच चालत आले, पिशवीत बिस्किटाचे पुडे. खाटेवर बसले आणि म्हणाले, "त्याला दे त्यातलं." काठी ते आता खाटेखाली ठेवतात. कुत्रं दार खरवडायला लागलं की आबाच आतल्या खोलीकडे हाक मारतात, "आगं, तुझं मागतंय बघ." ते स्वतः मात्र त्याच्या जवळ जात नाहीत, आणि कुत्रंही खाटेला वळसा घालून जातं.

आता ते मोठं झालंय. दोन वर्षांत घरात एक थेंब नाही, मी समोर आल्यावरचं सोडून. मी आलो की ओलं करायचं ते पहिल्या दिवाळीपर्यंत चाललं. मग कमी झालं. मग एक दिवस मी दारातून आत आलो आणि ते नुसतं उठून दुसऱ्या खोलीत गेलं. मी फरशी बघितली. कोरडी होती. मी तिथेच खाली बसलो, किती तरी वेळ.

माझ्या हातून ते खात नाही. वाडगं ठेवून मी बाजूला झालो की खातं. बायको म्हणते, खातंय ना, मग झालं.

गेल्या पावसाळ्यात बायको चार दिवस मढला गेली होती, तिच्या आईला बरं नव्हतं. कुत्र्याला न्यायचं तर एसटीत घेत नाहीत, म्हणून ते माझ्यावर सोपवून गेली. पहिल्या संध्याकाळी ते दाराशी गेलं, खरवडलं आणि मागे बघितलं. ती नव्हती. मी होतो. त्याने पाय खाली घेतला आणि तिथेच बसलं. थोड्या वेळाने पुन्हा उठलं, पुन्हा बसलं. सकाळपासून त्याने धरून ठेवलं होतं, अंग कापत होतं.

मी दार उघडून बाजूला झालो. ते शेवग्यापर्यंत गेलं, हुंगलं, माझ्याकडे बघून थबकलं आणि तसंच उभं राहिलं. मी असताना त्याला होत नव्हतं. मी आत गेलो असतो तर झालं असतं. पण दिवेलागण होती, ऊस पुरुषभर वाढलेला, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या मळ्यातली शेळी गेली होती.

मी डबा आणि काठी घेतली, कुत्र्याच्या आणि उसाच्या मधे जाऊन उभा राहिलो आणि त्याच्याकडे पाठ केली. डबा हळूहळू वाजवत राहिलो. मागे काहीच हालचाल नव्हती. मी वळलो नाही. हात दुखून आला, डास चावत होते, आबा आतून विचारत होते की काय चाललंय. बऱ्याच वेळाने मागे, शेवग्याच्या बुंध्याशी, पाचोळ्यावर धार पडल्याचा आवाज आला. खूप वेळ चालली.

मी ती थांबेपर्यंत डबा वाजवला. मग बाजूला झालो, आणि ते आधी घरात गेलं, त्याच्यामागून मी.